उन्हाळी सुट्टीचे वेळापत्रक : मुलांचे की आपले?

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की मुलांच्या मनावरचे ओझे उतरते आणि त्याच दिवशी ते आईवडिलांच्या मनावर येऊन बसते. शाळा चालू असते तेव्हा दिवसाचे सहा-सात तास मुलांची काळजी शाळा वाहत असते. मे महिन्यात ती जबाबदारी घराकडे परत येते, आणि त्या वेळी घरात कोणीच नसते. आई-वडील दोघेही नोकरी अथवा व्यवसाय करीत असलेल्या प्रत्येक कुटुंबाची ही अडचण आहे. परंतु वैद्यकीय व्यवसायातील दांपत्यांच्या बाबतीत ती अधिक बिकट होते.

त्याचे कारण उघड आहे. बँकेत वा महाविद्यालयात काम करणाऱ्या पालकाला रजेचा अर्ज तरी करता येतो. रुग्णाला मात्र मे महिना ठाऊक नसतो. प्रसूती, हृदयविकार आणि अपघात सुट्टीचे दिवस पाहून येत नाहीत. शिवाय घाईची नसलेली, आगाऊ ठरवून करावयाची ऑपरेशने लोक मुद्दाम ह्याच दिवसांवर ढकलतात. मुलांची टॉन्सिल्स, हर्निया, दातांच्या तारा, शिक्षक-शिक्षिकांच्या गुडघ्यांची नाहीतर पित्ताशयाची शस्त्रक्रिया हे सारे 'शाळेला सुट्टी लागली की करू' ह्या यादीत असते. गुजरात राज्य मंडळाच्या शाळांना मेच्या आरंभापासून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत साधारणतः पस्तीस दिवसांची सुट्टी असते. आपली मुले ज्या पाच आठवड्यांत मोकळी असतात, त्याच पाच आठवड्यांत इतरांच्या मुलांसाठी आपण अधिक व्यग्र असतो.

ह्यावर आपण शोधलेला उपाय सर्वांच्या परिचयाचा आहे. सकाळी सातला पोहणे, नऊला चित्रकला, अकराला अबॅकस किंवा वैदिक गणित, दुपारी वातानुकूलित खोलीत कोडिंग अथवा रोबोटिक्स, संध्याकाळी स्केटिंग आणि आठवड्यातून दोनदा 'व्यक्तिमत्त्व विकास'. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात ड्रायव्हर पोहोचवतो. मध्ये उरलेला वेळ मोबाईल भरून काढतो. नऊ वर्षांच्या मुलाचा असा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला असतो आणि निवासी डॉक्टरच्या ड्युटीच्या तक्त्याशी त्याचे आश्चर्यकारक साम्य असते. फरक इतकाच, की निवासी डॉक्टरला आठवड्याची सुट्टी मागण्याचा हक्क आहे.

ह्या वर्गांना माझा सरसकट विरोध नाही. पोहता येणे हे जीव वाचवणारे कौशल्य आहे आणि चांगला गुरू भेटला तर एका सुट्टीतही मुलाला जन्मभराचा छंद लागू शकतो. परंतु हे तक्ते पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. ते मुलाच्या गरजेतून तयार झालेले नसून आपल्या ओपीडीच्या वेळांमधून तयार झालेले असतात. आपले वेळापत्रक अढळ मानायचे आणि उरलेल्या फटींत मूल बसवायचे, अशी ती रीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, उन्हाळी सुट्टीत बदलावयाचे असेल तर प्रथम आपले वेळापत्रक बदलावे लागेल. आणि ते एकेकट्या कुटुंबाला झेपत नसेल तर आपण सर्वांनी मिळून बदलावे लागेल.

पूर्वीचे आजोळ आणि आजचे वास्तव

असा विषय निघाला की जुन्या बडोद्याची आठवण निघतेच. वाड्यातील चौक, दुपारी पत्त्यांचा डाव, कमाटीबाग आणि १८९४ सालच्या इमारतीतले तेथील संग्रहालय, माणिकरावांच्या आखाड्यातला मल्लखांब, आणि ह्या सर्वांहून मोठे आकर्षण म्हणजे साताऱ्याकडचे, कोकणातले अथवा पुण्याचे आजोळ. हे सारे खरेच सुंदर होते. पण ती व्यवस्था कोणाच्या जिवावर चालत होती, हेही आठवले पाहिजे. पंधरा-वीस माणसांचे दोन वेळचे जेवण रांधणाऱ्या, पापड-कुरडया वाळत घालणाऱ्या आणि सर्वांच्या मुलांवर सारखीच नजर ठेवणाऱ्या आज्या, माम्या आणि काकवा दिवसभर घरात होत्या, म्हणून मुलांची सुट्टी मोकळी होती. आज त्याच घरातल्या लेकीसुना भूलतज्ज्ञ आहेत, पॅथॉलॉजिस्ट आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. त्यांनी पुन्हा स्वयंपाकघरात जावे असे कोणी सुचवीत असेल तर तो उपाय नव्हे. जुन्या सुट्टीतले जे मुलांच्या हिताचे होते ते आजच्या घरात कसे आणता येईल, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

त्या सुट्टीत मुलांच्या हिताचे काय होते? माझ्या मते तीन गोष्टी होत्या : आसपास एखादे जाणते मोठे माणूस, वेगवेगळ्या वयाची बरोबरीची भावंडे, आणि कोणीही आखून न दिलेला वेळ. ह्यांपैकी एकही गोष्ट फी भरून मिळणाऱ्या वर्गात सहसा मिळत नाही. तेथे शिक्षक असतो, एकाच वयाचा गट असतो आणि मिनिटामिनिटाचा कार्यक्रम असतो.

गुजरात आणि महाराष्ट्र ह्या दोन्ही भूमींशी नाते असलेल्या आपल्या समाजाला ह्या विचाराचा एक वारसाही लाभला आहे. गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. मुलाला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने करू द्यावे, मोठ्यांनी भोवतालची व्यवस्था करून बाजूला राहावे, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. ताराबाई मोडक ह्यांनी भावनगरला त्यांच्यासोबत काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत भाग घेतला आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे ते कार्य नेले. एका गुजराती आणि एका मराठी शिक्षणज्ञाने शंभर वर्षांपूर्वी मिळून जे ओळखले, ते आपल्याला परक्या देशातील पुस्तकांतून नव्याने शिकावे लागू नये.

आपण रुग्णांना जे सांगतो ते

आता आपल्याच शास्त्राच्या दृष्टीने ह्या तक्त्याकडे पाहू. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा. पाच ते सतरा वर्षे वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी किमान एक तास दम लागेल असा व्यायाम वा खेळ करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलाला पडदा दाखवूच नये, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून अधिक नको आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत तो दोन तासांच्या आत असावा. रोज दोनेक तास घराबाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत लघुदृष्टीचा दोष कमी प्रमाणात उद्भवतो, हे नेत्रतज्ज्ञ आपल्याला वारंवार सांगत आले आहेत.

हे सर्व आपण दिवसभर इतरांच्या आईवडिलांना सांगतो. रात्री साडेदहाला आपण घरी येतो तेव्हा आपले मूल जागे असते, कारण दिवसभरात आपली गाठ पडण्याची त्याला तेवढीच वेळ असते. सकाळी सातच्या वर्गासाठी त्याला पुन्हा सहाला उठवले जाते. साडेसात तास झोप झालेल्या त्या आठ वर्षांच्या मुलाची चिडचिड पाहून आपण म्हणतो, 'उन्हाळ्याने त्रासला आहे.' दुसऱ्या कोणाच्या मुलाची हीच हकीकत ऐकली असती तर निदान करायला आपल्याला अर्धे मिनिटही लागले नसते.

'मला कंटाळा आला' हे वाक्य ऐकताच आपण अस्वस्थ होतो. पण कंटाळा हा आजार नव्हे. त्यावर लगेच काही लिहून देण्याची आवश्यकता नाही. आसपास कोणी मोठे माणूस असेल आणि हातात पडदा नसेल, तर कंटाळलेले मूल अर्ध्या तासात स्वतःच काही काढते. खोक्याचा किल्ला होतो, जुन्या वहीचे मासिक होते, गच्चीवर बाग होते. ही निर्मिती त्याची स्वतःची असते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील एकतिसाव्या कलमात विश्रांती, फुरसत आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नोंदवला आहे, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. फुरसत हा शब्द त्यात मुद्दाम घातलेला आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

मूल कोठे आहे आणि कोणाच्या हाती आहे

तक्ता भरताना आपण 'मूल किती वाजता कोठे असेल' एवढेच पाहतो. 'ते कोणाच्या हाती असेल' हा प्रश्न मागे पडतो. गुजरातने ह्याची जबर किंमत मोजली आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच शहरात हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीतील बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक जण होते आणि अनेक मुलांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ मे २०२४ रोजी, सुट्टीतल्या एका शनिवारी राजकोटच्या गेम झोनला आग लागून २७ जणांचा बळी गेला; त्यात मुलेही होती. त्या जागेला अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते.

ह्या घटना सांगण्याचा हेतू भीती घालण्याचा नाही. रुग्णालयाची नोंदणी, अग्निसुरक्षा, बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग ह्या गोष्टींची आपल्याकडे दरवर्षी तपासणी होते व आपण तिच्यासाठी कागद जुळवतो. मग ज्या जागेत आपले मूल रोज दोन तास काढणार आहे तेथे जाऊन दहा मिनिटे पाहणी करणे अवघड नसावे. पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक किती? एका शिक्षकामागे मुले किती? जिना एकच आहे की दोन? दुपारी वीज गेली तर खोलीत वारा येतो का? प्रथमोपचार कोणाला येतो? मुलाला घ्यायला त्रयस्थ मनुष्य आला तर ते त्याला सोडतात का? हे विचारल्याने कोणी रागावले, तर तेच उत्तर समजावे.

उन्हाचेही तसेच आहे. बडोद्याचा पारा मे महिन्यात बेचाळीसच्या पुढे सहज जातो. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेनंतर शेजारच्या अहमदाबादने २०१३ साली उष्णतेला तोंड देण्याची शहरव्यापी योजना आखली. त्या मागची साधी सूचना, म्हणजे भर दुपारी बाहेर न पडणे, मुलांच्या वर्गांनाही लागू आहे. दुपारी बारा ते चार मुलाने घरात असावे, ह्याला माझ्या मते अपवाद नसावा.

आजी-आजोबा आणि मराठी

दुपारच्या ह्या चार तासांचा भार बहुतेक घरांत आजी-आजोबांवर येतो, आणि तो गृहीत धरला जातो. पंच्याहत्तरीची आजी, तिचे दुखरे गुडघे, रक्तदाब आणि दुपारची वामकुक्षी हे सर्व आपण तिच्या केसपेपरवर वाचतो. पण तिच्यावर दोन नातवंडे सोपवताना विसरतो. तिला आधी विचारावे. तिची आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सुटका करावी. मुलांना जेवण वाढणे, धावपळ, भांडणे मिटवणे ह्यासाठी हाताखाली माणूस द्यावा, आणि तिच्याकडे फक्त तिला आनंद होईल तेवढाच भाग ठेवावा.

तो भाग लहान नाही. आपली मुले शाळेत इंग्रजी, अंगणात गुजराती आणि दूरदर्शनसमोर हिंदी बोलतात. मराठी त्यांच्या कानी पडते ती मुख्यतः घरात, आणि सलग पडते ती आजीबरोबरच्या दुपारी. भाषा शिकवणीने येत नाही, ती सहवासाने येते. आंब्याचा रस काढताना, लोणच्याच्या फोडी मोजताना, जुने फोटो पाहताना 'हे कोण?' ह्या प्रश्नाचे जे लांबलचक उत्तर मिळते, तेच ह्या शहरातील मराठीचे खरे विद्यालय आहे. वर्गांच्या गर्दीत आपण ह्या दुपारी काढून घेतल्या, तर पुढच्या पिढीला मराठी येत नाही अशी तक्रार गणेशोत्सवाच्या व्यासपीठावरून करण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

हिशेब कोण ठेवते?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. दोघेही डॉक्टर असले, दोघांची पदवी व अनुभव सारखा असला, तरी सुट्टीचा हा सारा हिशेब बहुधा एकाच डोक्यात असतो, आणि ते डोके आईचे असते. वर्गाची फी, डबा, स्विमिंगचा टॉवेल, ड्रायव्हरची रजा, आजीचे औषध ह्यांची यादी ती दोन रुग्णांच्या मध्ये फोनवरून सोडवत असते. मे महिन्यात संध्याकाळची ओपीडी बंद ठेवायची वेळ आली तर कोणाची बंद होते, हे आपल्या घरांतून एकदा पाहावे. पाच आठवडे दरवर्षी, दहा-बारा वर्षे असे झाले की एका गुणी डॉक्टरचा व्यवसाय मागे पडतो, आणि त्याचे कारण कोणाच्याही लक्षात येत नाही. वडिलांनी 'मदत' करावी असे मी म्हणणार नाही. पस्तीस दिवसांपैकी निम्म्या दिवसांची जबाबदारी त्यांची आहे, एवढेच म्हणेन.

आणि आपल्याच रुग्णालयातील परिचारिका, आयाबाई, स्वागतकक्षातील मुलगी ह्यांच्या मुलांचे काय? त्यांना ना ड्रायव्हर, ना वर्गाची फी. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, अशी तरतूद २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्याच्या दुरुस्तीने आली. पण आपली बहुतेक नर्सिंग होम त्याहून लहान. आणि पाळणाघर म्हटले की विचार होतो तो सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा. सात ते बारा वर्षांचे मूल मे महिन्यात कोणत्याच तरतुदीत बसत नाही. बाहेरून कडी लावलेल्या खोलीत एकटे बसलेले, किंवा धाकट्या भावंडाला सांभाळणारे असे मूल आपल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या घरी असू शकते. तिची ड्युटी आपण लावतो, म्हणून तो प्रश्न आपलाही आहे.

काय करता येईल?

प्रथम घरापुरते. एप्रिलच्या आरंभी, मुलांचे वर्ग ठरवण्यापूर्वी, आई-वडिलांनी आपापल्या डायऱ्या घेऊन एकत्र बसावे. पस्तीस दिवसांत प्रत्येकाने सलग सात दिवस व्यवसाय बंद ठेवावा अथवा सहकाऱ्याकडे सोपवावा. दोघांचे मिळून चौदा दिवस होतात. पैकी चार-पाच दिवस दोघांचे एकत्र आले तर बाहेरगावी जाता येईल. तरी नऊ-दहा दिवस मुलांसोबत किमान एक पालक राहतो. एकाच विषयाचे दोन-तीन डॉक्टर एकमेकांचे रुग्ण पाहण्याचे ठरवतील, तर हे अशक्य नाही. परिषदांना जाताना आपण हेच करतो. उरलेल्या दिवसांत किमान एकाने संध्याकाळी सातला घरी यावे. मुलाला त्याच्या आवडीचा एकच वर्ग, तोही सकाळचा. बाकी वेळ मोकळा. दहा वर्षांपुढील मुलाला घरातले एक काम पूर्णपणे सोपवावे. आणि वेळापत्रक करताना मुलाला शेजारी बसवून घ्यावे, कारण सुट्टी त्याची आहे.

आता आपल्या मंडळापुरते. समजा पंधरा कुटुंबे एकत्र आली. सोमवार ते शुक्रवार पाच आठवडे म्हणजे पंचवीस सकाळी. रोज दोन मोठी माणसे हजर असावीत असे ठरवले तर पन्नास पाळ्या झाल्या. तीस पालकांत त्या वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला संपूर्ण सुट्टीत दोनपेक्षा अधिक सकाळी येत नाहीत. दोन सकाळी! त्या बदल्यात प्रत्येक मुलाला पंचवीस सकाळी मित्र मिळतात, सावली मिळते आणि ओळखीचे मोठे माणूस मिळते. जागेसाठी एखादे सभागृह पुरे. सकाळच्या वेळी ती बहुधा रिकामीच असतात. तेथे अभ्यासक्रम नको, प्रमाणपत्रे नकोत, शेवटच्या दिवशी पालकांपुढे कार्यक्रमही नको. पुस्तकांची एक पेटी, खडू, चेंडू, दोऱ्या, कॅरम आणि सहा ते चौदा वयाची सरमिसळ एवढे पुरते. ज्याची पाळी असेल त्या डॉक्टरने वाटल्यास मोठ्या मुलांना प्रथमोपचार किंवा छातीदाब शिकवावा, नाहीतर नुसते बसून राहावे. बोलणे मराठीत व्हावे. आणि त्याच सतरंजीवर आपल्या परिचारिकांची व आयाबाईंची मुलेही बसावीत. त्यांच्याकडून फीही घेऊ नये आणि पाळीची अपेक्षाही ठेवू नये.

ह्या शहराला हे नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात नेला. १९१० पासून उभ्या राहिलेल्या त्यांच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते. मुलांची सोय हा एकेका घराचा खाजगी प्रश्न नसून समाजाचा आहे, ही जाण येथे शंभर वर्षांपूर्वी होती.

कोणी म्हणेल, रुग्ण मरणाच्या दारात असताना डॉक्टरने सतरंजीवर बसावे का? अर्थातच नाही. तातडीचे काम आले तर उठून जावेच. म्हणूनच रोज दोघेजण ठेवावेत. परंतु वर्षभरातील प्रत्येक तास तातडीचा नसतो, हे आपल्याहून अधिक चांगले कोणाला ठाऊक आहे? मुलाच्या सहाव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत नऊ उन्हाळे येतात. नऊ वेळा पस्तीस म्हणजे तीनशे पंधरा दिवस. पुरते एक वर्षही नाही. पंधराव्या वर्षी दहावी येते आणि त्यानंतर सुट्टीचे नियोजन करण्यासाठी मूल आपली वाट पाहत नाही. मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत ह्या विषयाला अर्धा तास द्यावा आणि फेब्रुवारीपर्यंत इच्छुक कुटुंबांची नावे घ्यावीत, अशी माझी सूचना आहे. पहिली दोन नावे आम्हा पतिपत्नींची लिहावीत.